कॅबिनेट उघडण्याआधी

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

या खेपेच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. संगणक मंद झाला की लोक आधी काहीतरी पुसून टाकतात, नाहीतर काहीतरी विकत आणतात, आणि तो मंद का झाला हे शेवटी बघतात. म्हणून आम्ही कारण शोधण्यावर जास्त शाई खर्च केली आहे. बटणांची नावं विंडोज १० आणि ११ मधली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी खालच्या सोप्यात दोन पॉवरलूम आहेत आणि संगणकही तिथंच आहे. चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पंखा मोठ्यानं ओरडायला लागतो आणि संगणक फटकन बंद पडतोय. लगेच चालू केला तर दोन मिनिटांत परत बंद. साड्यांचा सगळा हिशोब त्यातच आहे. आतून साफ कसा करायचा?
— एक वाचक, वडगाव (बेळगाव)

उत्तर : ‘लगेच चालू केला तर दोन मिनिटांत बंद’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण रोगाची खूण तीच आहे. संगणक थंड असताना वीस मिनिटं चालतो आणि गरम असताना दोनच मिनिटं, म्हणजे आत उष्णता साठते आहे. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागलं नाही तर जळण्याआधी स्वतःला बंद करून घेतो. मागाजवळच्या संगणकात हे हमखास होतं. सुताचा कोंडा पंख्यातून आत ओढला जातो आणि पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर चिकटून त्याचा नमद्यासारखा थर तयार होतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो, थर असतो त्याच्या खाली.

आधी संगणक थंड असताना चालू करून हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मग शट डाऊन करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि वायर काढून घ्या. वायर काढल्यावर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आतल्या बोर्डावर (मदरबोर्डवर) उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट, म्हणजे संगणकाचा पत्र्याचा डबा, अंगणात किंवा गच्चीवर न्या, तोंडाला रुमाल बांधा. समोरून बघताना डाव्या हाताची पत्र्याची बाजू काढायची असते, मागचे दोन स्क्रू सोडले की ती मागे सरकते. आत हात घालण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण रॅमची (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची) चिप बिघडायला तेवढी पुरते. नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नका.

सामान फार लागत नाही. फुलीचा स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा एक इंची मऊ, नवा ब्रश, चिमटा आणि हातातला छोटा ब्लोअर एवढं पुरे. ब्लोअर एक फुटावरून मारा आणि मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं पंखा त्याच्या मर्यादेबाहेर फिरला तर बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलट बोर्डाकडे वीज ढकलते. तुमच्याकडचा कोंडा मात्र नुसत्या हवेनं निघणार नाही. प्रोसेसरच्या बऱ्याच कूलरवर पंखा चार खिट्ट्यांनी किंवा स्क्रूंनी वर बसवलेला असतो, तेवढाच सोडवा आणि खालचा थर चिमट्यानं उचला. तो बहुतेक सबंध निघतो. उरलेलं ब्रशनं काढा. वरून दाबून हवा मारली तर कोंडा पात्यांत आणखी खोल बसतो, म्हणून बाजूनं मारा.

पात्यांचा अख्खा गठ्ठा, म्हणजे हीटसिंक, काढायची गरज सहसा पडत नाही. काढलाच तर खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलावीच लागते, जुन्या पेस्टवर परत बसवायचा नाही. जुनी पेस्ट चष्म्याच्या कापडावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. बनियनच्या चिंधीचे धागे मागे राहतात. नवी पेस्ट मध्यभागी तूरडाळीच्या दाण्याएवढी लावा, पसरवत बसू नका, वरच्या दाबानं ती पसरते. एएमडीचा प्रोसेसर असेल तर जास्त जपा. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर पिनांचा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. आधी संगणक दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊब धरू द्या, मग वीज तोडून हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करा. इंटेलच्या कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या कोपऱ्याला कोपरा असं तिरपं धरून बसवा आणि चारही पूर्ण आत गेल्या का ते बोर्डाच्या मागून बघा. एक जरी वर राहिली तर तुमचं आजचं दुखणं परत सुरू.

वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. बाहेरच्या जाळीतून ब्रश आणि हवा, एवढंच. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरवर नेऊन फुंकर मारून आणणारे बरेच आहेत. त्या टाकीत पाणी आणि तेल असतं, आणि दाब इतका की पंख्याचं पातं तुटतं. नेऊ नका.

झाकण लावून अर्धा तास चालवा. एचडब्ल्यूमॉनिटर नावाच्या मोफत प्रोग्रॅमात तापमान दिसतं. नुसता चालू असताना ३५ ते ५० आणि कामात ८० पर्यंत ठीक, ९५ च्या वर जात असेल तर पेस्ट किंवा पंखा बदलायची वेळ आली. संगणक मागापासून जमेल तितका लांब हलवा, जमिनीपासून दीड फूट वर आणि भिंतीपासून सहा इंच पुढे. तुमच्या घरात दर महिन्याला बाहेरून ब्रश आणि तीन महिन्यांनी झाकण उघडून सफाई लागेल. ज्यांच्या घरी माग नाही त्यांना वर्षातून एकदा पुरते.

प्रश्न : घराला लागूनच तंबाखूची वखार आहे. कीबोर्डची बटणं चिकटतात, आत ब्लोअर मारला तरी तपकिरी थर तसाच राहतो.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तंबाखूची भुकटी ओल धरते आणि चिकटते. कोरड्या हवेनं ती हलत नाही. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून झटकलेला मऊ ब्रश फिरवा, तासभर वाळू द्या, मगच वायर जोडा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक खातात. कीबोर्डचा आधी फोटो घ्या, बटणं उपटून कोमट साबणपाण्यात धुवा आणि पूर्ण दिवसभर वाळवा. स्पेस बार आणि एंटरखाली तारेची कमान असते, ती परत बसवताना बोटं दुखतात. ती दोन बटणं जागच्या जागीच पुसा. लॅपटॉपच्या कीबोर्डला हा सगळा प्रयोग करू नका, त्याच्या बटणांच्या कड्या नाजूक असतात.

प्रश्न : उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम आहे, घरही जवळच. कॅबिनेटमध्ये काळी चकाकती धूळ साठते. ब्लोअरनं उडवली तर चालेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. तुमची धूळ इतरांच्या धुळीसारखी नाही, तिच्यात लोखंडाचा अंश आहे. तिच्यातून वीज वाहते आणि पंख्याच्या मोटरमधल्या चुंबकाला ती चिकटते. ब्लोअरनं ती चिपच्या पायांखाली आणि रॅमच्या खाचेत जाऊन बसते, आणि चालू केल्यावर शॉर्ट होतं. कॅबिनेट आडवं करा, ब्रशनं धूळ कडेला लोटत आणा आणि व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डापासून अर्धा फूट लांब धरून ती ओढून घ्या. नळीचं प्लास्टिक बोर्डाला टेकू देऊ नका, त्यात स्थिर वीज साठते. समोरच्या जाळीला आतून बारीक फिल्टरचं कापड लावलं तर पुढचा त्रास बराच कमी होईल. कामावरचे कपडे त्या खोलीत झटकू नका.

प्रश्न : पावसाळ्यात दीड महिना संगणक लावलाच नव्हता. आता चालू केला की नुसता पीं-पीं वाजतोय, स्क्रीन काळीच. मध्ये एकदा चालू झाला तर तारीख २०१५ सालची दाखवत होता आणि एकही वेबसाइट उघडेना. आत मुंग्याही दिसल्या.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमची तीन दुखणी वेगवेगळी आहेत.

लांबलचक परत परत वाजणारी शिटी सहसा रॅमची असते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात घरातल्या भिंतींनाही ओल येते, तिथं रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर चढणार हे धरूनच चालायचं. वीज तोडा, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकला, रॅम सरळ वर काढा. पट्ट्यांवर साधं पांढरं खोडरबर एकाच दिशेनं हलकेच फिरवा, चुरा ब्रशनं झटका, खाच ब्लोअरनं साफ करा. परत बसवताना दोन्हीकडून ‘टक’ असा आवाज यायला हवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे दोषी कोण ते कळेल.

तारीख मागे जाते ती बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीमुळे. तिच्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं आणि ती ३ व्होल्टची असते. संगणकाचं घड्याळ दहा वर्षं मागे असलं की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ब्राउझरला वाटतं आणि तो साइट उघडायला नकार देतो. लोक मग इंटरनेटवाल्याशी भांडतात. नवी बॅटरी अधिकची खूण वर ठेवून बसवा आणि तारीख लावा. एक पथ्य : जमलं तर बॅटरी काढण्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘साटा मोड’ काय आहे त्याचा फोटो घ्या. बॅटरी निघाल्यावर हे सेटिंग बदललं तर विंडोज सुरूच होत नाही, आणि माणूस समजतो हार्डडिस्क गेली.

मुंग्यांवर आत फवारा मारू नका, त्यातलं द्रावण पेट घेतं. ब्रशनं काढा, टेबलाच्या पायांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढा आणि कॅबिनेटच्या मागच्या उघड्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावा. पालीही तिथूनच जातात. पुढच्या पावसाळ्यात काम असो-नसो, एक दिवसाआड अर्धा तास संगणक चालू ठेवा, त्याच्या उबेनंच ओल जाते. बंद केल्या केल्या प्लास्टिकचं कव्हर मात्र घालू नका. आतली गरम हवा तिथंच अडकून घाम धरते.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. अनवाणी असलं की जास्तच. साफ करायला उघडू का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : आधी अर्थिंग बघा, सफाई नंतर. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलवरून दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. प्रवाह अगदी कमी असल्यामुळे सहसा झिणझिण्यांवर भागतं, पण त्याच पत्र्याला जोडलेल्या प्रिंटरचे आणि यूएसबीचे भाग यात जातात.

तीन पिनांची वायर दोन पिनांच्या बोर्डात लावलेली नाही ना, ते पहिल्यांदा पाहा. नसेल तर वायरमन बोलवा. फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तो पूर्ण तेजानं पेटतो का, हे त्यानं तपासायचं; तुम्ही करू नका. तुमच्याकडे काळी जमीन आहे. उन्हाळ्यात ती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातला संपर्क सुटतो, तेव्हा त्यात आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी ओता.

शेतीपंप सुरू झाले की गावात दाब खाली-वर होतो, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस लावून घ्या. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षं टिकते. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

प्रश्न : लग्नपत्रिका, बॅनर मराठी आणि कन्नड दोन्हीत करते. ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू व्हायला पाच-सहा मिनिटं, कोरलड्रॉ उघडायला आणखी तेवढीच. एकानं रजिस्ट्री क्लीनर टाकायला सांगितलंय, एकानं फॉरमॅट. काय करू?
— एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : दोन्ही नको. रजिस्ट्री क्लीनरनं वेग वाढत नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही. तिच्यात हजार जुन्या नोंदी असल्या तरी विंडोज त्या वाचत बसत नाही. उलट एखादी कामाची नोंद उडाली की कोरलच उघडत नाही. ‘तुमच्या संगणकात २,३४७ चुका आढळल्या’ अशी पाटी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमना आमच्या मते घरातच घेऊ नये.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कोरल उघडत असताना सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. तुमच्या वर्णनावरून डिस्क १०० टक्क्यांवर आणि मेमरी ८५-९० वर असणार. मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं, म्हणजे आधीच दमलेल्यावर आणखी ओझं.

फिरत्या हार्डडिस्कची सुई प्रत्येक तुकड्यासाठी जागा शोधत हिंडते, त्याला दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडी ही चिपवर चालणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही, तिथं हेच काम सुमारे ०.१ मिलिसेकंदात होतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो शोधाशोधी होतात. म्हणून तुमच्यासाठी पहिला खर्च २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, आणि दुसरा ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी. रॅम घेताना जुनी पट्टी काढून दुकानात न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही. जुनी डिस्क डिझाइनच्या फायली ठेवायला राहू द्या.

पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅमात डिस्कची तब्येत बघा. तिथं पिवळी ‘कॉशन’ दिसली, किंवा ‘पेंडिंग सेक्टर’चा (नीट वाचता न येणाऱ्या भागांचा) आकडा शून्याहून जास्त असला, तर त्याच क्षणी सगळ्या फायली दुसरीकडे घ्या. मरणाऱ्या डिस्कवर एरर तपासणी किंवा डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) चालवला तर उरलेला डेटाही जातो. फॉरमॅटनं तर ती बरी होतच नाही.

आता फॉन्ट. दोन भाषांची कामं करणाऱ्यांकडे दोन-तीन हजार फॉन्ट घातलेले असतात आणि कोरल उघडताना त्यांची यादी बांधत बसतं. नेहमीचे शंभर-दीडशे ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये हलवा आणि लागेल तेव्हा घाला. फॉन्ट काढताना निर्मला यूआय, मंगल, तुंगा, सेगो यूआय यांना हात लावू नका. ते विंडोजचे स्वतःचे आहेत. निर्मला यूआय तर देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो.

टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन प्रिंटरचे, व्हिडिओ कॉलचे, अपडेट शोधणारे प्रोग्रॅम ‘डिसेबल’ करा. ते उडत नाहीत, फक्त आपोआप सुरू व्हायचे थांबतात. अँटिव्हायरस आणि टचपॅडचा ड्रायव्हर तेवढा राहू द्या.

प्रश्न : सी ड्राइव्ह लाल झाला आहे, १२० पैकी ३ जीबी उरलेत. काय पुसलं तर चालतं?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : सर्चमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ टाइप करा, सी निवडा आणि ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. यादीतलं टेंपररी फाइल्स, विंडोज अपडेट क्लीनअप, थंबनेल्स हे निर्धास्त टाका. ‘डाउनलोड्स’ ही नोंद दिसली तर ती मात्र वाचून, मगच. आपल्याकडे कर्नाटकच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या साइटवरून काढलेला उतारा, मुलांचं मार्क्स कार्ड, बँकेचं स्टेटमेंट सगळं तिथंच पडून असतं, आणि इथून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ (मागचं विंडोज) अशी नोंद १०-१५ जीबी खात असेल आणि नवं विंडोज नीट चालत असेल तर तीही टाका.

विंडोजच्या फोल्डरात शिरून हातानं काही पुसू नका. त्यातलं ‘प्रीफेच’ फोल्डर पुसा असा सल्ला व्हिडिओंत असतो. त्यानं उलट पुढचा काही वेळ प्रोग्रॅम उशिरा उघडतात. सी वर १५ ते २० टक्के मोकळी जागा ठेवा, तिच्याशिवाय मोठे अपडेट अर्ध्यात अडकतात. आणि एसएसडी असेल तर डीफ्रॅगचं वेगळं सॉफ्टवेअर टाकू नका, विंडोज आठवड्यातून एकदा तिची निगा स्वतः राखतं.

प्रश्न : विंडोज १० बंद झालं म्हणतात. संगणक भंगारात घालायचा का?
— एक वाचक, अथणी

उत्तर : १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला, संगणक चालायचा थांबत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ‘टीपीएम नाही’ असं दाखवलं तर लगेच मानू नका. इंटेलच्या बोर्डावर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ नावानं बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. प्रोसेसरच जुना असेल आणि काम नेट, पत्रं, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाका. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप होतं. टॅली आणि कोरल मात्र त्यावर थेट चालत नाहीत.